‘बांधावे’ आणि ‘ठेवीत जावे’ : आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणाची भाषा

लष्करी तळ उभारणे ही एक क्रिया आहे आणि तो वर्षानुवर्षे लढण्याजोगा ठेवणे ही अगदी वेगळी क्रिया आहे. पहिलीस आरंभ आणि शेवट असतो. दुसरीस शेवट नसतो. तट बांधून होतो, परंतु त्याच्या सांध्यांतून दर पावसाळ्यात रोपे उगवतातच. टाके खोदून होते, परंतु त्यातील गाळ काढण्याचे काम संपत नाही. आधुनिक सैन्यांत या दुसऱ्या क्रियेसाठी स्वतंत्र यंत्रणा असते. भारतापुरते बोलावयाचे तर लष्करी ठाण्यांतील इमारती, पाणी, वीज व रस्ते यांची उभारणी आणि निगा मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस या खात्याकडे आहे. मराठी गद्यात या विषयाचे सलग, अनुभवसिद्ध विवेचन शोधू गेल्यास दृष्टी जाऊन ठेपते ती १७१५–१६च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्राच्या दुर्गप्रकरणावर.

या ग्रंथावर आजवर जे लिहिले गेले त्यातील बहुतेक लेखन इतिहासाच्या अथवा राजनीतीच्या अंगाने झालेले आहे. ते स्वाभाविकच होय. राजा, प्रधान, सावकार, वतनदार, दुर्ग आणि आरमार अशी प्रकरणे असलेल्या ग्रंथाकडे राज्यशास्त्राचा ग्रंथ म्हणून पाहिले जाणारच. परंतु त्यामुळे एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. दुर्गप्रकरणातील विचार आणि त्या प्रकरणाचे व्याकरण या दोन निराळ्या वस्तू नव्हेत. निगा राखणे म्हणजे काय हे त्यात सिद्धान्तरूपाने कोठेही सांगितलेले नाही, ते क्रियापदांच्या रूपांतून सांगितलेले आहे. हे न पाहता या प्रकरणातील सुभाषितवजा वाक्ये तेवढी वेचून दुर्गप्रेमाच्या भाषणांत वापरली जातात. अशा वाक्यांचा साठा प्रकरणाच्या प्रारंभी पुष्कळ आहे. त्याचे खरे मोल मात्र ती वाक्ये संपल्यावर सुरू होते.

आज्ञापत्राचे कर्तृत्व सामान्यतः रामचंद्रपंत अमात्यांकडे दिले जाते, आणि दुर्गप्रकरण वाचताना ते पटते. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी अमात्यपद सांभाळणारा आणि राजाराम महाराज जिंजीस असताना हुकूमतपन्हा म्हणून महाराष्ट्रातील कारभार वाहणारा हा मनुष्य. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेलेला त्याने पाहिला. १७०० ते १७०५ या काळात औरंगजेबाने सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड एकामागून एक घेतलेले आणि त्यांतील कित्येक मराठ्यांनी परत मिळविलेलेही पाहिले. ज्याने गड बांधलेले, गमावलेले आणि परत घेतल्यावर मोडक्या अवस्थेत पाहिलेले आहेत, त्याचे हे गद्य आहे. प्रकरणाच्या आरंभीची संस्कृतप्रचुर, लांबट, काहीशी अलंकृत वाक्यरचना पुढे कामाच्या सूचना येताच आखूड होते. हा उतार शैलीचा दोष म्हणून दाखविता येईल. वस्तुतः लेखक सदरेवरून उठून तटावर चालू लागल्याची ती खूण आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. १९०९ मध्ये ते छापले गेल्यापासून आज्ञापत्राचा प्रत्येक विचार कौटिल्यात शोधण्याची एक प्रथाच पडली. अर्थशास्त्रात औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग असे चार प्रकार येतात आणि मग खंदक, वप्र, प्राकार यांची दंडांत दिलेली मापे येतात. तो आराखडा आहे. भूमी त्यास अनुकूल करून घ्यावयाची असते. आज्ञापत्रात मापांवर भर नाही. तेथे आधी डोंगर आहे, आणि डोंगरास जे मान्य होईल तेच बांधावयाचे आहे. गडासमोर तितक्याच उंचीचा दुसरा डोंगर असू नये. असल्यास सुरुंगाने फोडून गडाच्या आटोक्यात आणावा. तेही साधत नसेल तर ती जागा मोकळी न सोडता तट-बुरुजांनी बांधून गडात घ्यावी. एका अडचणीवर तीन पायऱ्यांचा हा विचार आहे, आणि प्रत्येक पायरी आधीची फसल्यास काय, या प्रश्नातून निघालेली आहे. येथे येणारा ‘सुरुंग’ हा शब्दही मोठा प्रवासी आहे. संस्कृतातील ‘सुरुंगा’ हा शब्द अनेक भाषाभ्यासकांच्या मते ग्रीक ‘सिरिंक्स’पासून आलेला असून तो अर्थशास्त्रातही आढळतो, तेथे मात्र त्याचा अर्थ भुयार एवढाच आहे. दारूच्या युगात तो शब्द भुयाराकडून स्फोटाकडे सरकला. कौटिल्याचा वारसा आज्ञापत्राने घेतला असे म्हणताना शब्द तोच राहून वस्तू बदलते, हे विसरता कामा नये.

प्रकरणाचा मध्यवर्ती भाग पाण्याविषयीचा आहे. पाणी पाहून मग किल्ला बांधावा. पाणी नसेल आणि जागा तर बांधणे अवश्यच असेल, तर आधी खडक फोडून टाकी करावी, असा क्रम लेखक सांगतो. येथवर कोणताही जाणता लेखक येईल. पुढची पायरी मात्र वेढा सोसलेल्या मनुष्याचीच आहे. गडावर झरा असला आणि त्याचे पाणी पुरत असले, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, असे तो बजावतो. कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. यास्तव साठ्याचे पाणी वेगळे राखावयाचे. (या ठिकाणी तोफेसाठी त्या काळचा ‘भांडे’ हा शब्द योजिलेला आहे. पाण्याच्या प्रकरणात ‘भांड्यांचा आवाज’ वाचून विद्यार्थी स्वयंपाकघरात जातो, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.) तोफांच्या दणक्याने झरा खरोखर आटतो की नाही, हा भूशास्त्राचा प्रश्न होय. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, शांततेच्या काळात पुरणारी सोय आणि युद्धात पुरणारी सोय यांतील अंतर लेखकाने ओळखले आहे, आणि त्या अंतरासाठी राखीव साठा ठेवण्याचे तत्त्व त्याने एका झऱ्याच्या निमित्ताने मांडले आहे.

याच ठिकाणी दुर्गप्रकरणाच्या वाक्यरचनेचा पहिला विशेष दिसतो. आज्ञा आणि तिचे कारण यांची येथे जोडी असते. आज्ञा विध्यर्थात येते, मग ‘किंनिमित्त’ यासारखे अव्यय येते आणि त्यामागून कारणवाक्य. हुकुमाच्या भाषेस कारणाची गरज नसते. हुकूम पाळला जावा इतकेच तीस हवे असते. येथे तर ग्रंथाचे बाह्य रूप राजाज्ञेचेच आहे. असे असून राजाज्ञा कारणे देते, याचा अर्थ ती वाचणाऱ्या हवालदारास केवळ आज्ञाधारक नव्हे तर विचार करणारा मनुष्य समजते. प्रत्येक गडाची भूमी वेगळी असल्याने मध्यवर्ती सत्तेस सर्व तपशील आधी सांगता येणे शक्यच नव्हते. कारण कळले तर गडावरचा मनुष्य न सांगितलेल्या प्रसंगीही योग्य ते करील, या विश्वासावर ही वाक्यरचना उभी आहे. गडास एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्या, त्यांतील नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या, ही सूचनाही त्याच जातीची. येथे वाट बांधावयाची आणि बंद करावयाची अशी दुहेरी क्रिया आहे, आणि कारणावाचून तिचा अर्थ लागणार नाही.

दुसरा विशेष अधिक सूक्ष्म आहे. तो दारूखान्याच्या विवेचनात सर्वांत स्वच्छपणे आढळतो. दारूखाना घरांच्या जवळ नसावा आणि घरांच्या वाऱ्याखालीही नसावा. त्यास तळघर असावे, तळघरास गच असावा. आत माच घालून त्यावर दारू ठेवावी. सर्दी पोचू देऊ नये. हे सर्व एकदा करावयाचे काम आहे आणि त्यासाठी साधा विध्यर्थ येतो. ‘वाऱ्याखाली’ या एका शब्दात ठिणगीचा सगळा धोका सांगून झाला आहे. त्यावर अधिक शब्द लेखक खर्चीत नाही. त्यानंतर मात्र वाक्य बदलते. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, होके बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवीत जावे. येथे विध्यर्थाचे रूप साधे राहिलेले नाही. ‘-ीत’ हे अपूर्णतावाचक धातुसाधित आणि त्यापुढे ‘जाणे’चा विध्यर्थ अशी ही संयुक्त रचना आहे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत ज्यास रीती म्हणतात, तीच येथे आज्ञेत शिरली आहे. ‘ठेवावे’ म्हणजे एकदा ठेवून मोकळे व्हावे. ‘ठेवीत जावे’ म्हणजे ठेवण्याची क्रिया पुनःपुन्हा होत राहावी आणि ती कधी संपली असे मानू नये.

रूपे सर्वत्र अशी काटेकोर वाटली गेली आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पावसाळ्यात तोफांस आणि दरवाज्यांस तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावे, तटावर वाढणारी झाडे कापून काढावी, अशा सूचनांत ऋतूचा वा काळाचा निर्देशच रीतीचे काम करतो. तथापि बांधण्याची भाषा आणि राखण्याची भाषा एक नव्हे, ही जाणीव या गद्यात आहे, आणि ती मराठीच्या क्रियापदव्यवस्थेने पुरविलेल्या साधनांतूनच व्यक्त झाली आहे.

त्याच वाक्यातील ‘हवालदाराने’ हे पदही पाहण्यासारखे आहे. विध्यर्थाच्या कर्मणी रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे चालते: टाके खोदावे, झाडी राखावी, दारू सुकवावी. कर्ता बहुधा अध्याहृत असतो आणि वाक्याच्या मध्यभागी वस्तू असते. निगेच्या वाङ्मयास ही रचना अत्यंत सोयीची आहे; कारण माणसे बदलतात, गड राहतो. गडावरील अधिकाऱ्यांच्या बदल्या ठरलेल्या मुदतीने व्हाव्या, असा दंडक याच प्रकरणात आहे. परंतु जेथे हयगयीने सर्वनाश ओढवेल तेथे लेखक कर्ता अध्याहृत ठेवीत नाही. दारूस ऊन देण्याचे काम कोणी तरी करावे असे तो म्हणत नाही. हवालदाराने यावे आणि करावे असे म्हणतो. मुद्रा त्याची, म्हणून जबाबदारीही त्याची.

शब्दसंग्रहाविषयी थोडक्यात. शिवकालीन राजव्यवहारकोशात दुर्गवर्ग हा एक स्वतंत्र वर्ग असून फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्याचा त्याचा हेतू सुप्रसिद्ध आहे. आज्ञापत्राचा लेखक त्याच दरबारात वाढलेला. तरीही दुर्गप्रकरणात बुरूज, दारूखाना, हवालदार, सबनीस, कारखानीस हे शब्द निःसंकोच येतात आणि त्यांच्या शेजारी तट, दिंडी, पडकोट, टाके हेही नांदतात. प्रारंभीच्या स्तुतिपर भागात संस्कृत पुढे आहे, कामाच्या भागात कामाचा शब्द पुढे आहे. पाथरवटास आणि गोलंदाजास जो शब्द कळतो तोच आज्ञेत हवा, हा व्यवहार लेखकाने सांगितलेला नाही, पाळलेला आहे.

एका शब्दापाशी मात्र थांबणे इष्ट होय. आज ‘इमारत’ म्हणजे उभी असलेली वास्तू. त्या काळच्या कागदपत्रांत ‘इमारत’ करावयाची, चालवावयाची असते. म्हणजे तो शब्द वस्तूइतकाच क्रियेचाही वाचक आहे. मूळ अरबीत तो क्रियावाचक नामच असून बांधणे, वसविणे, भरभराटीस आणणे हे सर्व अर्थ त्यात येतात. १६७१–७२च्या सुमाराची एक प्रसिद्ध यादी आहे. तीत गडांच्या इमारतीसाठी एकूण १,७५,००० होनांची तरतूद असून त्यांपैकी ५०,००० एकट्या रायगडास दिलेले आहेत. या यादीचा उल्लेख नवे गड बांधण्याची योजना म्हणून पुष्कळदा केला जातो. परंतु तीत सिंहगड, पुरंदर, राजगड यांसारखे आधीच उभे असलेले गड आहेत. ‘इमारत’ शब्दाचा क्रियावाचक अर्थ ध्यानात घेतला म्हणजे नवे काम आणि जुन्याची दुरुस्ती या दोहोंचा त्या तरतुदीत एकत्र समावेश होता, हे सरळ दिसते. आजच्या लष्करी बांधकाम-व्यवस्थेत मूळ कामे आणि दुरुस्ती यांचे हिशेब वेगळे ठेवतात. त्या वेगळेपणाचे लाभ उघड आहेत. पण दुरुस्तीचे काम कमी मानाचे ठरण्याचा धोकाही त्यातच आहे, आणि जुन्या शब्दात तो नव्हता.

येथवर स्वदेशातील गडांचा विचार झाला. परमुलखातील तळाचे उदाहरण म्हणजे जिंजी. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये ती घेतली आणि तिची नव्याने तटबंदी केली. नवे तट, खंदक, बुरूज आणि तलाव यांचे हे काम युरोपीयांसही लाज वाटू नये इतके उत्तम झाले, असा अभिप्राय एका समकालीन जेझुइट धर्मोपदेशकाच्या पत्रात आलेला आहे. पुढे राजाराम महाराज तेथे पोचले आणि झुल्फिकारखानाच्या दीर्घ वेढ्यानंतर १६९८च्या प्रारंभी जिंजी पडली. मूळ प्रदेशापासून शेकडो कोस दूर असलेला तळ इतकी वर्षे टिकला, यात ऐनवेळच्या शौर्याइतकाच वीस वर्षांपूर्वीच्या बांधकामाचाही वाटा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाची बखरही याच जिंजीत लिहिली गेली, हा योगायोग लक्षणीय होय. सभासद गडांची गणना करतो. त्याच्या यादीत सुमारे २४० गड आहेत आणि त्यांत कर्नाटकातले बरेच. त्याच्या लेखी गड ही मिळकत आहे. आज्ञापत्राच्या लेखी ते काम आहे. एकाच पिढीच्या दोन गद्यांत एवढे अंतर पडते, कारण सभासदास गतवैभवाचे स्मरण द्यावयाचे होते आणि अमात्यास पुढील पावसाळ्याची काळजी होती.

असे असले तरी दुर्गप्रकरणाची स्तुती करताना त्यातील मौनही नोंदले पाहिजे. लहानथोर किल्ला पाहून वैद्य, जखमा बांधणारे, लोहार, सुतार, पाथरवट, चांभार यांच्या एक-दोन असाम्या गडावर ठेवाव्या आणि काम नसेल तेव्हा त्यांस रिकामे न ठेवता दुसरे काम सांगावे, असे लेखक लिहितो. आजच्या भाषेत ज्यास अभियांत्रिकी साहाय्य म्हणतात त्याची ही संपूर्ण, काटकसरी योजना आहे. पण या कारागिरांस काय मिळावे, टाके खोदणारे हात कोठून यावे, ओझी कोणी वाहावी, याविषयी प्रकरण गप्प आहे. येथे अध्याहृत कर्त्याची रचना दुसरे काम करते: ती श्रमास दृष्टीआड करते. हवालदाराचे नाव घेणारे वाक्य पाथरवटाचे नाव घेत नाही. आरमाराच्या प्रकरणात हाच लेखक रयतेच्या आंबा-फणसांविषयी केवढ्या कळवळ्याने लिहितो! लेकरांसारखी वाढविलेली ही झाडे तोडू नयेत, एखादे जीर्ण झाड लागलेच तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे, असे तेथे आहे. झाडाच्या धन्यासाठी जी न्यायबुद्धी जागी झाली ती टाके खोदणाऱ्याच्या बाबतीत शब्दरूप घेत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातील शिलालेखात आणि पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव आहे. ते अपवाद म्हणूनच डोळ्यांत भरते.

प्रशासकीय मराठीच्या अभ्यासकास या प्रकरणाचे प्रयोजन आजही आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर शासनव्यवहाराची मराठी मोठ्या परिश्रमाने घडविली गेली आणि पदनामे व परिभाषा यांची उणीव बरीचशी भरून निघाली. परंतु आज्ञेच्या वाक्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. इंग्रजी कर्मणीच्या छायेत ‘करण्यात यावे’ ही रचना रूढ झाली आणि तिने ‘करावे’ व ‘करीत जावे’ या दोहोंचीही जागा घेतली. वरवर पाहता हाही विध्यर्थच. भेद असा की, ‘हवालदाराने दारू सुकवावी’ या वाक्यात कर्त्यास हक्काची जागा आहे, तर ‘दारू सुकविण्यात यावी’ या वाक्यात ‘हवालदाराने’ हे पद बसतच नाही; ‘हवालदारामार्फत’ अशी वळणाची वाट घ्यावी लागते आणि बहुधा ती कोणी घेत नाही. रीतीचा अर्थही क्रियापदातून निघून ‘वेळोवेळी’, ‘नियमितपणे’ अशा क्रियाविशेषणांवर जाऊन पडतो. आठ-पंधरा दिवस हे माप आहे. ‘वेळोवेळी’ हे माप नव्हे.

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसायादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील अकरा आहेत आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्यांपैकी आठ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असून साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. या किल्ल्यांची व्यवस्थापनाची कागदपत्रे आता लिहिली जातील, सुधारली जातील, आणि राज्याच्या अखत्यारीतील चार किल्ल्यांची तरी मराठीत लिहिली जावीत अशी अपेक्षा गैर नाही. तटावरील झाडे, टाक्यांतील गाळ, वाटांवरील केर हे त्यांतील विषय तीनशे वर्षांपूर्वीचेच आहेत. केर कड्याखाली लोटून न देता जागोजाग जाळावा आणि त्याची राख परसात टाकून भाजीपाला करावा, इतक्या बारकाईने आज्ञापत्राने ते हाताळलेले आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीच्या दुहेरी तटात पुढील भाद्रपदात जे रोप दिसेल ते कोणी, कितव्या दिवशी उपटीत जावे, हे नव्या कागदात कोणत्या क्रियापदाने लिहिले जाते ते पाहावयाचे आहे.